पुसलेली डिस्क आणि लिनक्सची शिकवणी



मागच्या रविवारी माळा आवरताना एक जुनी हार्ड डिस्क हाताला लागली आणि २०१६ ची एक रात्र आठवली.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घाटकोपरच्या एका मित्राने पेन ड्राइव्हवर उबुंटू १६.०४ दिलं होतं. मुलुंडच्या आमच्या घरात कॉम्प्युटर एकच. इन्स्टॉल करताना पर्याय आला, डिस्क पुसून उबुंटू टाकायचं का? मला वाटलं, पुसून पुसून काय पुसणार, विंडोज! डी ड्राइव्ह तर वेगळा आहे ना... अर्ध्या तासात नवा कोरा डेस्कटॉप समोर, आणि सी बरोबर डी पण गायब. सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, हे तेव्हा कळलं. घरचे सगळे फोटो डी मध्ये होते.

आईने सहज विचारलं, "आजीचे फोटो नीट आहेत ना रे?" आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी "हो" म्हणालो. चक्क खोटं.

पुढे कधीतरी लिनक्सचा इतिहास वाचताना थोडा धीर आला. १९९१ मध्ये हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स आपल्या नव्या ३८६ मशीनवर मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली सिस्टीम चालवत होता, आणि शेजारी स्वतःची लिहीत होता. एकदा मोडेमला पाठवायच्या डायलच्या कमांड त्याने चुकून हार्ड डिस्कलाच पाठवल्या. मिनिक्सचं पार्टिशन खलास! ते परत टाकण्यापेक्षा आपलीच सिस्टीम पूर्ण करू, असं त्याने ठरवलं. म्हणजे लिनक्स बनवणारासुद्धा डिस्क उडवूनच पुढे गेला की.

पण त्याच्याकडे निदान ती सिस्टीम होती. आपल्याकडे ती हातात यायचीच मारामार. फोनच्या लाइनवरून शेकडो एमबी उतरवणार कोण? १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि कितीतरी जणांनी पहिलं लिनक्स तिथून टाकलं. पुढे २००५ ते २०११ उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरपोच यायच्या.

सीडी आली, तरी पडद्यावर सगळं इंग्रजी. यावर काम आपल्या उपनगरातच चाललं होतं. जुहूच्या एनसीएसटीत (२००३ पासून ही संस्था सी-डॅकमध्ये आहे) 'इंडिक्स' प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्याचं काम झालं. प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी २००० च्या सुमारास मुंबईत 'इंडलिनक्स' सुरू केलं. काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. 'कि' घ्या. कॉम्प्युटर आधी 'क' साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांची तऱ्हा आणखी वेगळी. हे सगळं कोणीतरी बसून लिहिलं, म्हणून पुढे मेनू मराठीत दिसू शकले.

मग राहिलं शिकवणं. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ. पडद्यावर इंग्रजी, आवाज मराठीत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून बघायचं. नुसतं ऐकून पुढे जायचं नाही, हीच त्यातली गंमत.

माझा त्या रात्रीनंतरचा आठवडा असाच गेला. लायब्ररीत बसून ते व्हिडिओ पाहायचे आणि घरी येऊन माउंट, एलएस, सीपी, एमव्ही टाइप करत बसायचं. तोवर त्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही, हे मित्राने बजावलं होतं. मग पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवलं, दुसरी डिस्क उसनी आणून जोडली आणि फोटोरेक लावलं. हा प्रोग्राम फाइलचं नाव बघतच नाही, आतल्या खुणांवरून फोटो ओळखतो. कारण नाव एका जागी असतं आणि फोटो दुसऱ्या जागी. नाव गेलं तरी फोटो राहू शकतो. परीक्षेला मी हे पाठ केलं होतं, कळलं मात्र त्या रात्री.

सकाळी हजारो फोटो परत आले होते. काहींचा खालचा अर्धा भाग करडा. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे. मग आईला खरं सांगितलं. ती रागावली, दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी मात्र खुर्ची ओढून शेजारी बसली. "ही आजी, बोरिवलीला मावशीकडे. हा गणपती, बाबांची बदली झाली त्या वर्षीचा." ती सांगत गेली आणि मी एमव्ही लिहून एकेका फोटोला नाव देत गेलो. तीन रविवार लागले. जे गेले ते गेलेच.

आता ऑफिसात नवीन पोरं विचारतात, लिनक्स कुठून शिकू? मी सांगतो, बाबांनो, हात घालूनच शिका, पण आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. आणि घरच्या फोटोंची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच ते पुसण्याचं बटण दाबा.

असो. ती डिस्क परत माळ्यावर ठेवली आहे. पुढच्या शनिवारी भेटूच.