कास पठारावरचं ‘मिकी माऊस’ फूल नक्की आहे तरी काय?

सप्टेंबर उजाडला की सोशल मीडियावर कासचे फोटो सुरू होतात. त्यात हमखास दिसणारं पिवळंधमक फूल म्हणजे ‘मिकी माऊस’. वरची पाकळी दोन कानांसारखी उघडलेली आणि मधोमध दोन लालसर ठिपके, म्हणून हे नाव. त्याचं मराठी नाव मात्र कवला. शास्त्रीय नाव स्मिथिया हिरसुटा. इंग्लंडमधले वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून या प्रजातीचं नाव पडलं.

कवला वाटाण्याच्या कुळातला. वाटाण्याचं फूल आठवा: वर एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, खाली होडीसारखा भाग. इथेही तीच रचना. शेंग मात्र सहज सापडत नाही. ती घडी घालून फुलाखालच्या हिरव्या कोशातच दडलेली असते!

साताऱ्याजवळचं कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आणि त्यात नत्राची टंचाई. इथल्या वनस्पतींनी त्यावर आपापले उपाय शोधलेत. निळसर ‘सीतेची आसवं’ बारीक जीव पकडून खातात. कवल्याच्या कुळातल्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात.

पठारावर पिवळी दिसणारी सगळी फुलं कवल्याची नसतात, बरं का. सोनकीही पिवळीच, पण तिचं फूल छोट्या सूर्यफुलासारखं गोल असतं. फोटोखाली नाव टाकताना इथेच घोळ होतो.

कवल्याचं अख्खं आयुष्य एका पावसाळ्याचं. बी उगवतं, रोप वाढतं, फुलतं, पुन्हा बी पडतं आणि रोप वाळून जातं. सेल्फीसाठी ताटव्यात बसलं तर चिरडलेल्या रोपाचं बी तयारच होत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कासही होतं. त्यानंतर गर्दी आणखी वाढली. म्हणूनच हंगामात तिथे प्रवेश शुल्क आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. अनेकांना ते जाचक वाटतं. आमच्या मते ते गरजेचंच आहे.

कवल्याची भावंडंही बरीच आहेत. त्यातल्या स्मिथिया आघारकरी या जातीला वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव दिलंय. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. आणि पावसाच्या सुरुवातीला ठाणे-रायगडच्या बाजारात कवळ्याची रानभाजी येते ना? तीही स्मिथियाच.