रानड्यांनी विचारलेला प्रश्न

१८९६ साली गांधी काही महिन्यांसाठी स्वदेशी आले आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची दैना त्यांनी येथे मांडली. नाताळात करार संपलेल्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर, ट्रान्सवालात पदपथावरून चालण्याची बंदी! सुशिक्षितांचा संताप होणे साहजिक होते. त्याच सुमारास मुंबईच्या हिंदू युनियन क्लबात न्यायमूर्ती रानडे बोलले. त्या हालांविषयी कळवळून बोलल्यावर त्यांनी श्रोत्यांनाच विचारले, ही सहानुभूती परदेशी गेलेल्या बांधवांपुरतीच काय? घरी अस्पृश्यांवर असा जुलूम चालू देणाऱ्यांनी आफ्रिकेतील गोऱ्यांना कोणत्या तोंडाने दूषणे द्यावीत? पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहापायी पुढे प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाने हे विचारावे, यातही एक सल आहे. ही आठवण गोखल्यांनी १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत सांगितली.

रानड्यांचा प्रश्न म्हणजे मौनाचा उपदेश नव्हे. गोखले स्वतः १९१२ साली आफ्रिकेत गेले, त्या कराविरुद्ध तेथील मंत्र्यांपाशी भांडले. १९१४ साली तो रद्दही झाला.

घरचे काम मात्र रेंगाळले. १९२७ साली महाडात चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल माणसांनी मार खाल्ला. ८ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेविरुद्ध हिंदुस्थानची तक्रार ३२ विरुद्ध १५ मतांनी उचलून धरली गेली, तेव्हा पंढरीच्या विठोबाचे दार अस्पृश्यांना बंदच होते. ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले.