पंचनाम्यात न आलेली माणसे

लातूरहून कुर्डुवाडी आणि कुर्डुवाडीहून पंढरपूर हा प्रवास आता सगळा मोठ्या रुळांवरून होतो. परंतु आमच्या वयाच्या माणसांच्या कानांत अजून ‘बार्शी लाईट’चीच शिटी आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी ती छोटी गाडी १९०६ साली पंढरपुरास पोचली आणि १९११ साली लातुरास. तिने आमच्या भागातल्या वारकऱ्यांचे पायांचे कष्ट वाचवले, लातूरच्या अडतीला बाजार मिळवून दिला, आणि आणखीही एक काम केले. त्याची नोंद कोणत्याही रेल्वेच्या अहवालात सापडावयाची नाही. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका कधी कधी एखाद्या मुलीविषयी “ती पंढरपूरला गेली होती” असे म्हणत. हे म्हणताना आवाज थोडा खाली येई, आणि आम्हां पोरांना पाणी आणावयास पिटाळले जाई. विठोबाच्या दर्शनाला आवाज खाली आणण्याचे कारण काय, हे कळावयास मला बरीच वर्षे लागली.

पंढरपुरात १८७५ सालापासून एक बालकाश्रम आहे. तेथे न्यायखात्यात नोकरीला असलेले लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ प्रार्थना समाजाचे. यात्रेच्या गर्दीत, नदीच्या वाळवंटात, देवळाच्या ओवरीत टाकून दिलेली मुले त्यांच्या दृष्टीस पडत. त्यांच्यासाठी त्यांनी हे घर काढले. पुढच्याच वर्षी दख्खनचा तो भयंकर दुष्काळ सुरू झाला आणि अनाथ मुलांचा लोंढा आला. आज ही संस्था वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाते. सणासुदीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल कोणी मला बोल लावील. पण भाऊबीजेच्या ताटाभोवती जमणारी मुले ज्या घरात सुखरूप आहेत, त्या घरात हे बोलले गेले तर बिघडत नाही, असे मला वाटते.

पंढरपूरच्या आधी पुणे. १८६३ साली पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. गोवंडे हे जोतीराव फुले यांचे स्नेही, त्यामुळे पुढची हकीगत जोतीरावांना जवळून ठाऊक होती आणि १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर मत देताना त्यांनी ती लिहून ठेवली. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी काशीबाईला फसवले. दिवस गेले. औषधे घेऊन पाहिली, ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. अब्रूच्या भयाने तिने त्याचा गळा कापला आणि घरामागच्या विहिरीत त्याला टाकले. दोन दिवसांनी पोलिसांना प्रेत सापडले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला होऊन तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची, झाली.

या प्रकरणात तपासाला काही चूक झाली असे कोणी म्हणणार नाही. विहीर सापडली, प्रेत सापडले, हात सापडला. कायद्याने जेवढे विचारावयाचे तेवढे सगळे विचारले गेले. शास्त्रीबुवांचे मात्र काहीही झाले नाही. औषध देणारा कोण होता, हे शोधण्याचे पोलिसांना कारण नव्हते. स्वयंपाकघरात रोज समोर वावरणारी बाई, विहिरीवर भेटणाऱ्या शेजारणी, यांपैकी कोणाला काय दिसले होते? नऊ महिने ही काही झाकून राहणारी गोष्ट नव्हे. आपल्याकडे आळीतल्या बायकांना सुनेच्या डोहाळ्यांचा सुगावा सासूच्या आधी लागतो. आणि येथे मात्र कोणालाच काही दिसले नाही! पंचनाम्यात या कोणाचेही नाव यावयाचे कारण नव्हते, कारण पंचनामा सुरू होतो तो मूल मेल्यावर.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्याच साली आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुण्यात भिंतीभिंतींवर जाहिराती लावल्या: येथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यावे की येथे ठेवावे ही तुमची खुशी. आज वाचताना ती जाहिरात साधी वाटते. त्या काळच्या पुण्यात ती चिकटवायला निघालेल्या माणसाच्या मनाची तयारी काय असेल, याचा अंदाज करून पाहावा. मला त्या नावाचेही कौतुक वाटते. विधवांचा आश्रम म्हणता आले असते, दयेचे मंदिर म्हणता आले असते. त्यांनी जे टाळावयाचे तेच दारावर लिहिले.

१८८४ सालच्या त्या लेखात जोतीराव एक हिशेब देतात. तोवर पस्तीस गर्भवती विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस दगावली. ती का दगावली, हेही ते सांगतात: गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा झाली होती. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिलो. सबंध मराठी मुलखात ज्या घराइतके सुरक्षित घर दुसरे नव्हते, त्या घरात पोचलेल्या मुलांची ही गत. म्हणजे त्या बायका तेथे पोचल्या त्या सगळे उपाय थकल्यावर, वैदू आणि सुईणी होऊन गेल्यावर. जाहिरात वाचूनही पाऊल उशिरा पडत होते. जगलेल्या मुलांपैकी यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर त्याने रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि तेथे रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. पाचांपैकी एकाचे हे असे झाले.

इंग्रजांचा दंडसंहितेचा कायदा १८६० चा. त्याच्या ३१७ व्या कलमात बारा वर्षांखालचे मूल टाकून देणाऱ्या आईबापास सात वर्षांपर्यंत कैद, ३१८ व्या कलमात मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म लपवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत. कलमात ‘बाप’ हा शब्द आहे. पण नवजात मुलाच्या बापावर बाळंतपणाची खूण नसते, आईवर असते. म्हणून सापडे ती आईच. १८८१ साली सुरतेजवळच्या ओलपाड गावच्या विजयालक्ष्मी या विधवेस अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेप झाली आणि पुढे पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांत जो गदारोळ उठला त्यात सगळा रोख बायकांच्या नीतीवर होता. आमच्या मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदे हे सारे वाचत होत्या. त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली आणि काशीबाईच्या खटल्यात कोणी न विचारलेला प्रश्न भर चौकात विचारला. पुस्तक विसरले गेले; १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

आता आमच्या मुलखाकडे येतो. नांदेड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले, स्वतंत्र जिल्हा झाले १९८२ साली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथला कारभार उर्दूतून चाले. गावात कोणी दगावले म्हणजे पहिली खबर द्यावयाची ती पोलीस पाटलाने. पाटीलकी वंशपरंपरेची, ज्या वाड्यातली गोष्ट, त्याच भाऊबंदकीतला पाटील. तो खबर देताना काय लिहवी आणि काय गिळी, हे गावाला ठाऊक असे. कागद उर्दूत लिहिला जाई, त्यावर अंगठे उमटत, आणि आपण कशावर अंगठा दिला हे पंचांपैकी एकालाही वाचता येत नसे. ‘पाय घसरून विहिरीत पडले’ हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या आडाच्या नशिबी केव्हा ना केव्हा आलेले आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा झाला, तो हद्दीच्या अलीकडे लागू नव्हता. हद्दीवर निजामाच्या करोडगिरीचे नाके होते; त्यांचे लक्ष मालावर असे. गाडीच्या कोपऱ्यात पदर घट्ट ओढून बसलेल्या मुलीला कोणी काही विचारत नसे, आणि हे न विचारणे तेवढे तिच्या पथ्यावर पडे. पलीकडे पंढरपूर होते.

न विचारण्याचा हा रोग आपलाच आहे असे मात्र नाही. इंग्लंडात १९४५ च्या जानेवारीत डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशरमधल्या एका शेतावर मेला. आईबापांकडून काढून सरकारनेच त्याला व त्याच्या भावाला त्या शेतकऱ्याकडे सांभाळायला दिले होते. उपासमार आणि मार. मुलगा वेल्समधल्या न्यूपोर्टच्या नगरपालिकेचा, शेत दुसऱ्या जिल्ह्यात. पाहावयास कोणी जावयाचे यावर दोन कचेऱ्यांची टोलवाटोलवी चाललेली. डिसेंबरात एक बाई जाऊन पाहून आल्या आणि मुलाला तेथून हलवावे असे त्यांनी लिहिले. मूल हलले नाही, कागद हलत राहिला. शेतकऱ्याला सहा वर्षांची कैद झाली. आपल्याकडे गोष्ट येथे संपली असती. तेथे सर वॉल्टर मॉंक्टन यांना चौकशीला नेमले, आणि ती चौकशी शेतकऱ्याची नव्हती, कचेऱ्यांची होती: कोणाला केव्हा कळले, कळल्यावर त्याने काय केले. १९४८ चा तिथला मुलांचा कायदा घडण्यात या चौकशीचा हात आहे. अगाथा ख्रिस्तीचे ‘माउसट्रॅप’ हे नाटक पुष्कळांना ठाऊक असेल. १९५२ पासून लंडनमध्ये चाललेल्या त्या खेळाच्या मुळाशी हीच घटना आहे. रहस्यनाटक पाहून लोक घरी जाताना खुनी कोण हे सांगू नका असे प्रेक्षकांना विनवतात. मॉंक्टनच्या अहवालात मात्र खुनी पहिल्यापासून माहीत होता. रहस्य होते ते बाकीच्यांचे.

आमच्याकडे तशा धर्तीची गोष्ट घडली ती पुष्कळ उशिरा. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात मुले उपासमारीने आणि आबाळीने दगावल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. फिर्याद घेऊन जाणारे त्या मुलांचे कोणी नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने बातमीचीच याचिका करून घेतली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती अशा गृहांतून फिरली, आणि पनवेलजवळ कळंबोलीच्या एका गृहात मुलींवर होत असलेले अत्याचार बाहेर आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्या गृहाच्या चालकाला फाशीची आणि इतर काहींना कैदेची शिक्षा दिली. एका मुलीचा मृत्यूही त्या खटल्यात होता. म्हणजे एका जिल्ह्यातल्या मेलेल्या मुलांची चौकशी नीट झाली, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या जिवंत मुली सुटल्या. तपासण्या म्हणजे काय चीज असते ते मी आमच्या भागात पाहिले आहे: साहेब येणार हे आठ दिवस आधी कळते, दारात रांगोळी पडते, पोरांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे येतात, आणि वहीत ‘समाधानकारक’ हा एकच शब्द पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतो. पोराला बाजूला घेऊन “रात्री काय जेवलास?” असे विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून मुलांवरील लैंगिक अपराधांचा वेगळा कायदा अमलात आहे. ‘पोक्सो’ म्हणून तो खेड्यापाड्यांतही ओळखीचा झाला आहे. त्याच्या १९ व्या कलमाने जाणत्यावर खबर देण्याची सक्ती आली आणि २१ व्या कलमाने गप्प राहणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखास वर्षापर्यंत कैद. दीडशे वर्षांनी का होईना, ‘तुला ठाऊक होते का?’ हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात आला. परंतु ही सक्ती लैंगिक अपराधांपुरती आहे. पोर उपाशी आहे, रोज मार खाते आहे, हे भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या शेजाऱ्यावर तशी सक्ती अजून नाही. अर्भकाविषयीची जुनी दोन कलमे मात्र १ जुलै २०२४ पासूनच्या न्यायसंहितेत ९३ आणि ९४ या क्रमांकांनी पुन्हा आली, जवळजवळ जशीच्या तशी.

दिवाळी आटोपता आटोपता बालाघाटच्या डोंगरातून, मुखेड-कंधारकडून, अहमदपूर-जळकोटकडून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर पोरे. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी पहाटे येते. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावी अंगणवाडीच्या ताईंनी गेल्या हिवाळ्यात मला त्यांचे काम दाखवले. आता मुलांची वजने मोबाईलवर भरावी लागतात. गेलेल्या मुलासाठी ‘स्थलांतरित’ अशी नोंद केली की वरून कोणी काही विचारत नाही. त्या वर्षी सात मुले स्थलांतरित होती. त्यांतल्या एका चार वर्षांच्या मुलीचे वजन दोन महिने घसरत होते, घरात सावत्रपण होते, आणि मूल गेले त्याच आठवड्यात. ताईंनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. ही सरकारी नव्हती. तीत त्यांनी कारखान्याचे नाव, मुकादमाचे गाव आणि त्याचा फोन नंबर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. दर रविवारी त्या त्याला फोन लावत. तो चिडे. त्या म्हणत, “दादा, तुम्ही चिडा, पण पोरीला फोनवर आणा, मला तिचा आवाज ऐकू द्या.”