बदनाम जहाज अलंगला आलं त्याची गोष्ट

ज्यांना कानात इयरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तेच ठेवलंय, फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय.

सुरुवात माझ्या टेबलावरून करतो. मुंबईच्या चोर बाजारातून मी एक पितळी दिवा आणला होता. जाड काच, भोवती जाळी, आणि उचलला की हात दुखेल इतका जड. भाव कमी करा म्हटलं तर दुकानवाले चाचा म्हणाले, "बेटा, असली जहाज का माल है. अलंग का." मी मान डोलावली, पैसे दिले आणि घरी येऊन फोनवर शोधायला बसलो, की हे अलंग नक्की आहे काय. त्या रात्री मला एका जहाजाची गोष्ट सापडली, आणि आजचा भाग त्या जहाजाचा आहे.

ऑगस्ट 2012. गुजरातमध्ये भावनगरजवळ अलंगच्या किनाऱ्यावर 'ओरिएंटल नाइसिटी' नावाचं जहाज तोडण्यासाठी लागलं. नाव अगदी सभ्य. पण हे त्याचं जन्माचं नाव नव्हतं. जन्माचं नाव होतं 'एक्सॉन वाल्डेझ'. अमेरिकेच्या इतिहासातल्या सगळ्यात बदनाम तेलगळतींपैकी एक ज्या जहाजातून झाली, तेच हे जहाज. आज जगभरातले तेलवाहू टँकर ज्या पद्धतीने बांधतात, ती पद्धत सक्तीची झाली ती याच्यामुळे. आणि ते शेवटी आलं कुठे, तर आपल्याकडे. का आलं? हे समजून घ्यायला आपल्याला आधी 1967 मध्ये जावं लागेल.

18 मार्च 1967. 'टॉरी कॅन्यन' नावाचा टँकर कुवेतहून जवळजवळ 1 लाख 20 हजार टन कच्चं तेल घेऊन वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदराकडे निघाला होता. बंदरात शिरायला भरतीची वेळ गाठायची होती. ती चुकली असती तर काही दिवस बाहेर ताटकळत बसावं लागलं असतं. कप्तानाने जवळचा रस्ता धरला आणि जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर जाऊन आपटलं.

आता या जहाजाचं गोत्र बघा. मालकी एका अमेरिकन तेल कंपनीच्या उपकंपनीची. झेंडा लायबेरियाचा. कप्तान इटालियन. तेल कुवेतचं. भाड्याने घेतलेलं एका ब्रिटिश कंपनीने. आणि खडक ब्रिटनच्या सागरी हद्दीच्या बाहेर! म्हणजे तेल तर किनाऱ्यावर येणार, पण पकडायचं कुणाला? दुसऱ्या देशाच्या जहाजाला भर समुद्रात हात लावायचा हक्क आपल्याला आहे का, इथपासून ब्रिटिश सरकारची सुरुवात होती. शेवटी त्यांनी विमानं पाठवून जहाजावर बॉम्ब टाकले, तेल पेटवून द्यायचा प्रयत्न केला. किनाऱ्यावर हजारो टन डिटर्जंट ओतलं. नंतर लक्षात आलं की शिंपले, गोगलगायी आणि किनाऱ्यावरच्या इतर जीवांचं नुकसान तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच जास्त केलं होतं. तेल पलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापर्यंत गेलं.

आणि भरपाई? तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार मालकाची जबाबदारी अपघातानंतर जहाजाचं जे काही उरलं, त्याच्या किमतीइतकीच. उरली होती एक लाइफबोट. किंमत 50 डॉलर! ब्रिटनचे वकील मग त्याच मालकाच्या दुसऱ्या जहाजाच्या मागावर राहिले. ते जहाज सिंगापूरला थोडा वेळ थांबलं, तेव्हा एक वकील चढला आणि डोलकाठीवर कोर्टाची नोटीस चिकटवून आला. असं सांगतात, की खलाशांनी त्याला अडवलं नाही, कारण त्यांना वाटलं हा व्हिस्की विकायला आलाय. पुढे ब्रिटन आणि फ्रान्सला मिळून 30 लाख पाउंड मिळाले.

एवढा तमाशा झाल्यावर जग हललं. संयुक्त राष्ट्रांची जहाजवाहतुकीची संस्था लंडनमध्ये आहे, आज तिला आयएमओ म्हणतात. तिथे 1973 मध्ये एक करार झाला: मारपोल. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याचा करार. आज तेल, रसायनं, सांडपाणी, कचरा, धूर हे सगळं त्यात येतं.

पण तेलाच्या बाबतीत त्याने आधी एका रोजच्या सवयीला हात घातला. रिकामा टँकर समुद्रात डगमगतो, म्हणून त्यात वजनासाठी समुद्राचं पाणी भरतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. पूर्वी हे पाणी तेलाच्याच टाक्यांमध्ये भरायचे. पुढच्या बंदरात नवीन तेल घ्यायच्या आधी ते तेलकट पाणी समुद्रात सोडून द्यायचे. टाक्या धुतलेलं पाणीही तसंच. कुठलाही अपघात नाही, बातमी नाही, नुसता रोजचा कारभार. मारपोलने यावर कडक मर्यादा आणल्या आणि नव्या मोठ्या टँकरना बॅलास्टसाठी वेगळ्या टाक्या ठेवायला सांगितलं.

त्याच 1973 च्या परिषदेत अमेरिकेने आणखी एक मागणी केली होती. टँकरचा तळ दुहेरी करा. बाहेर एक पत्रा, मध्ये मोकळी जागा, मग आतला पत्रा आणि त्याच्या आत तेल. खडक लागला तर बाहेरचा पत्रा फाटेल, तेल आत राहील. डब्यात डबा, बस. मागणी फेटाळली गेली. पोलाद जास्त लागतं, जहाज महाग होतं. मधल्या पोकळीत वायू साठून स्फोट होईल, अशीही भीती घातली गेली. 1978 मध्ये अमेरिकेने पुन्हा विचारलं, पुन्हा नकार मिळाला.

आणि मूळ मारपोलचं काय झालं? तो लागू व्हायला किमान 15 देशांची मंजुरी हवी होती, आणि त्यांच्याकडे मिळून जगातली निम्मी व्यापारी जहाजं असायला हवी होती. 1976 पर्यंत मंजुरी दिली होती किती देशांनी? तीन. जॉर्डन, केनिया आणि ट्युनिशिया. तिघांची जहाजं मिळून जगाच्या एक टक्काही नाहीत. शेवटी 1978 मध्ये करारात दुरुस्ती करून तो नव्याने मांडला. त्यानंतर महिन्याभरात, 16 मार्च 1978 ला, 'अमोको कॅडिझ' टँकर ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटला आणि 2 लाख 20 हजार टनांहून जास्त तेल वाहून गेलं. तरीही करार लागू व्हायला 2 ऑक्टोबर 1983 उजाडला.

आता आपलं जहाज येतं. एक्सॉन वाल्डेझ कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला बांधलं गेलं, 1986 मध्ये ताब्यात दिलं गेलं. नवंकोरं, 300 मीटर लांब, आणि कायद्याच्या दृष्टीने अगदी चोख. बॅलास्टच्या टाक्या वेगळ्या होत्या. फक्त तळ एकेरी होता, कारण एकेरी तळ चालत होता. म्हणून मला खटकतं, जेव्हा ही गोष्ट 'दारुड्या कप्तानाची गोष्ट' म्हणून सांगतात. कप्तान प्यायला होता हा आरोप झाला. ज्यूरीने दारूच्या आरोपातून त्याला सोडलं आणि निष्काळजीपणे तेल सांडल्याबद्दल दोषी धरलं. पण माणूस चुकणारच, हे जहाज बांधणाऱ्यालाही माहीत असतं. चूक झाल्यावर तेल आणि समुद्र यांच्यात किती पत्रे असावेत, हा प्रश्न कप्तानाचा नव्हताच.

24 मार्च 1989, मध्यरात्र उलटून चार मिनिटं. अलास्कातल्या वाल्डेझ बंदरातून निघालेलं जहाज हिमनदीतून तुटून आलेले बर्फाचे तुकडे चुकवायला नेहमीच्या मार्गाबाहेर गेलं. परत वळायला उशीर झाला आणि ते ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढलं. तेलाच्या 11 टाक्यांपैकी 8 फाटल्या. सुमारे 4 कोटी लिटर तेल गेलं. दोन हजार किलोमीटरहून जास्त किनारा माखला. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले, जवळपास 2,800 समुद्री पाणमांजरं मेली. काही वर्षांनी तिथला हेरिंग मासा कोसळला. त्यात तेलाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, पण मच्छीमारांचा तो धंदा गेला तो गेलाच. आपल्या कोकणात एखाद्या गावाचा बांगडा कायमचा गेला तर काय होईल, तसं समजा. नंतरचा अंदाज असा होता, की दुहेरी कवच असतं तर निम्म्याहून जास्त तेल वाचलं असतं.

मग मात्र अमेरिका लंडनच्या परिषदेची वाट बघत बसली नाही. 1990 मध्ये स्वतःचा कायदा केला: आमच्या बंदरात यायचं असेल तर नवा टँकर दुहेरी कवचाचा हवा, जुने एकेरी टप्प्याटप्प्याने बंद. एवढं मोठं गिऱ्हाईक हे म्हटल्यावर जगाला वळावंच लागलं. 1992 मध्ये मारपोलमध्ये तीच अट आली. जुलै 1993 नंतर मागणी नोंदवलेल्या टँकरना दुहेरी कवच, मोठ्या जहाजांत दोन पत्र्यांमध्ये साधारण 2 मीटरची जागा. 19 वर्षांपूर्वी फेटाळलेली गोष्ट आता नियम झाली.

जुने टँकर तरी फिरतच होते. डिसेंबर 1999 मध्ये 'एरिका' फ्रान्सजवळ वादळात दोन तुकडे होऊन बुडालं. त्याच्यावरचा कप्तान आणि खलाशी भारतीय होते. सगळे वाचले, पण कप्तानाला फ्रान्सने अटक केली. 2002 मध्ये 'प्रेस्टिज' स्पेनजवळ बुडालं. मग युरोपनेही घाई केली आणि एकेरी टँकर हटवण्याची मुदत बहुतेकांसाठी 2010 वर आणली गेली.

नियमांचा उपयोग झाला का? झाला. 1970 च्या दशकात टँकरमधून 7 टनांहून जास्त तेल सांडण्याच्या घटना वर्षाला सरासरी सत्तरहून जास्त होत्या. 2010 च्या दशकात त्या दहाच्या आत आल्या, आणि मधल्या काळात समुद्रावरून जाणारं तेल वाढलं होतं. सगळं श्रेय दुहेरी कवचाचं नाही. चांगले नकाशे, जीपीएस, बंदरातली तपासणी हे सगळं आहे. पण पर्यावरणाचे नियम म्हणजे नुसता कागद, असं कुणी म्हणालं तर हे आकडे सांगा.

पण मंडळी, माझा प्रश्न इथून सुरू होतो. एकेरी टँकर बंद म्हटलं, ठीक. ती जहाजं गेली कुठे?

एक्सॉन वाल्डेझचंच बघू. अपघातानंतर ते दुरुस्त झालं, नाव बदललं. अपघात झाला त्या खाडीत परत यायला त्याला कायद्याने बंदी झाली. मग ते दुसऱ्या समुद्रांत तेल वाहत राहिलं. पुढे एकेरी टँकरना दारं बंद व्हायला लागली, तेव्हा ते विकलं गेलं आणि चीनमध्ये त्याचं खनिज वाहणारं जहाज झालं, कारण दुहेरी कवचाची अट टँकरना होती. 2010 मध्ये पीत समुद्रात त्याची आणखी एक टक्कर झाली. आणि 2012 मध्ये ते भंगार म्हणून विकलं गेलं.

अलंगच का? तिथली भरती प्रचंड मोठी आणि किनारा सपाट. उधाणाच्या भरतीला जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरलं की पोलादाचा डोंगर चिखलात उभा. मग गॅस कटर घेऊन माणसं त्याचे तुकडे करतात. ही माणसं बहुतेक ओडिशा, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली. जुन्या जहाजात ॲस्बेस्टॉस असतो, जुने रंग असतात, टाक्यांच्या तळाला तेलाचा गाळ असतो. आपल्या मुंबईतही हे होतं बरं का. दारूखान्यात 2014 मध्ये आपली जुनी 'विक्रांत' अशीच तोडली गेली.

ओरिएंटल नाइसिटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला: आधी विषारी माल काढा, मगच जहाज आत घ्या. जहाज किनाऱ्यापासून दूर थांबून राहिलं. तपासणी झाली. जुलै 2012 अखेर न्यायालयाने परवानगी दिली आणि सांगितलं, की तोडताना विषारी काही सापडलं तर त्याची विल्हेवाट मालकाच्या खर्चाने लावायची. त्याआधी 2006 मध्ये ॲस्बेस्टॉस असलेली फ्रान्सची 'क्लेमान्सो' ही युद्धनौका अलंगकडे निघाली होती, आणि गदारोळानंतर फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तिला परत बोलावलं होतं. प्रत्येक जहाजासाठी असं कोर्टात जाता येत नाही.

जहाज तोडण्याचा आंतरराष्ट्रीय करार 2009 मध्ये हाँगकाँगला झाला. जहाजावर कुठे कोणता घातक पदार्थ आहे याची यादी हवी, तोडणाऱ्या यार्डाला परवाना हवा. भारताने 2019 मध्ये मान्यता दिली, त्याच वर्षी स्वतःचा कायदाही केला. करार लागू झाला 26 जून 2025 ला. सोळा वर्षं लागली. आणि जहाज किनाऱ्यावर चढवून तोडायला त्यात सरळ बंदी नाहीच.

मला यातून एवढंच दिसतं. अलास्काचे पक्षी तेलात माखलेले टीव्हीवर दिसले, आणि दीड वर्षात कायदा झाला. गॅस कटर धरणाऱ्या माणसाची फुफ्फुसं कॅमेऱ्यात दिसत नाहीत, ॲस्बेस्टॉसचा आजार दिसायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून त्याच्या वाट्याचा नियम उशिरा आला. आता आलाय, तर तो यार्डात खरंच पाळला जातो का, हे विचारत राहणं आपलं काम, कारण किनारा आपला आहे.

चोर बाजारातला तो दिवा अजून टेबलावर आहे. कुठल्या जहाजाचा, ते चाचांनाही माहीत नव्हतं. तुमच्या घरी कुणी मर्चंट नेव्हीत असेल किंवा दारूखान्यात कुणी काम केलं असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा, आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!