दादा आणि दिवाळी अंक

दिवाळीला फराळाबरोबर अंक हवाच, ही आपली रीत वाटते तितकी जुनी नाही बरं का! इंग्रजी मासिकांचे नाताळ विशेषांक निघत. का. र. मित्रांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली.

आमच्या घरी ही रीत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणली. कारकुनाच्या पगारात एकच अंक विकत घेणे परवडायचे. बाकीचे वाचनालयातून, वर्गणी भरून. आईचा चिवडा चार दिवसांत संपायचा, अंक मात्र शिमग्यापर्यंत पुरायचे. १९५१ साली सुरू झालेला ‘आवाज’ दादा स्वतःच्या उशाखाली ठेवत. त्यातल्या ‘खिडक्या’ उघडायला आम्हां मुलांना सक्त मनाई! मी शिक्षिका झाले, पहिला पगार आणला, त्या दिवाळीला त्यांनी तो अंक मुकाट्याने माझ्यापुढे ठेवला. आमच्यात एवढाच काय तो मोकळेपणा. पण मला तो फार मोठा वाटला.

पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. मग मी मोठ्याने वाचायचे, ते ऐकायचे. अनुक्रमणिकेपासून सुरुवात. जाहिरातीसुद्धा गाळू देत नसत. “अगं, त्यांच्याच जिवावर अंक निघतो,” म्हणत. आणि ते खरेच आहे. नुसत्या विक्रीवर हे अंक तरले नसते.

२००९ साली या परंपरेला शंभर वर्षे झाली. दादा तेव्हा शहाऐंशीचे. कथा अर्ध्यावर असताना त्यांना डुलकी लागे. मी आवाज खाली आणला की जागे होऊन विचारत, “थांबलीस का?”