न दुखणाऱ्या पायाची शुश्रूषा

गडबसारख्या खारपट्टीतल्या गावात बोलायचं, तर लावणीच्या चिखलापासूनच सुरुवात करू या. अनवाणी पायाला शिंपल्याची धार लागली की पाय झटकन वर येतो. दुखतं म्हणून. आता असा पाय डोळ्यांपुढे आणा, ज्याला लागलेलं कळतच नाही. माणूस दिवसभर त्याच जखमेवर चालत राहतो. कुष्ठरोगाच्या शुश्रूषेचा इतिहास समजून घ्यायचा, तर हा पाय लक्षात ठेवायला हवा.

हा कातडीचा रोग, अशी आपली जुनी समजूत. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली त्याचा जंतू शोधला. तो हातापायांच्या नसांत शिरतो. कोपराजवळची नस बिघडली की बोटं वाकडी होतात, गुडघ्याजवळची बिघडली की पाऊल लोंबतं, चेहऱ्याची बिघडली की पापणी मिटत नाही. बोटं 'झडतात' असं आपण म्हणतो, ते खरं नव्हे. न कळलेली जखम चिघळते, हाडापर्यंत पोचते आणि बोट आखूड होत जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतरच्या कामातून हे नीट दाखवून दिलं.

सेवा मात्र त्याआधीच सुरू झाली होती, आणि तिचा एक धागा आपल्या पेण तालुक्यापर्यंत येतो. विनोबांचा जन्म १८९५ सालचा, गागोद्याचा. पुढे ते वर्ध्याकडे गेले. तिथे त्यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरचं कुष्ठधाम उभं केलं. जवळच सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे परिचित, आणि अंगावर हा रोग. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी मालिश केली. लोक ज्याच्या सावलीलाही भीत, त्याला हात लावणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

पण आम्हाला इथे एक फरक करावासा वाटतो. 'याला शिवेल कोण?' या प्रश्नाला करुणेनं उत्तर दिलं. 'याचे तळवे रोज बघेल कोण?' हा प्रश्न नसांचं ज्ञान आल्यावर पुढे आला. त्या काळी कडू कवठाचं तेल टोचत. चाळिशीच्या दशकात डॅप्सोन आलं, १९८२ पासून बहुविध औषधोपचार. जंतू मरतो, रोग बरा होतो. पण फार दिवस बधिर राहिलेली नस बहुधा परत येत नाही. म्हणून औषध संपलं तरी शुश्रूषा संपत नाही. पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, जाड कातडी हलकेच घासायची, तेल लावायचं, आरशात तळवा बघायचा. चप्पल मऊ रबराची, खिळे नसलेली. चहाचा गरम पेला फडक्यानं धरायचा. आणि जखम झालीच, तर त्या पायावर भार द्यायचा नाही. मलमापेक्षा ही विश्रांती मोठी.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षं 'दुःखापासून सुटका कशी?' हेच शिकवलं. इथे तर उलटंच. वेदनाच नाहीशी झाली म्हणून माणूस पांगळा झाला, आणि शुश्रूषा करणाऱ्याला त्या वेदनेची जागा आपल्या डोळ्यांनी भरून काढावी लागली.

२००५ अखेर देशात या रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. त्यालाच 'निर्मूलन' म्हटलं गेलं. तरी आजही वर्षाला लाखभर नवे रुग्ण सापडतात, आणि बरे झालेल्यांचे बधिर पाय तर सोबत आहेतच. शिवाय मधुमेहातही पायाच्या नसा अशाच बधिर होतात. तो आजार आता कुठल्या घरात नाही, सांगा?

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या मधुमेह्याचे तळवे उजेडात धरून बघा. दुखत नाही असं तो म्हणाला, तरी बघा.