वाट चुकलेल्या मनाचे इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषेंत माणसाच्या बुद्धीची गति खुंटली, म्हणजे ती अवस्था सांगण्यासाठीं शब्दांचा तुटवडा पडत नाहीं. कन्फ्यूज्ड, परप्लेक्स्ड, पझल्ड, बिविल्डर्ड, बॅफल्ड, नॉनप्लस्ड, डिसओरिएंटेड अशी ही माळ हवी तितकी लांबवितां येते. शाळेंतील समानार्थक शब्दांच्या याद्या यांतील एकाचा अर्थ दुसऱ्यानें आणि दुसऱ्याचा तिसऱ्यानें सांगून मोकळ्या होतात, व विद्यार्थ्याची अशी समजूत होते कीं, हीं सारीं एकाच वस्तूचीं निरनिराळीं नांवें आहेत. वस्तुतः यांतील बहुतेक शब्दांना स्वतःचें गांव आहे. कोणी रानांतून आला, कोणी शेतांतून, कोणी समुद्रावरून, तर कोणी शिकाऱ्यांच्या मागोमाग. आणि माणसाच्या मनांत येऊन बसण्यापूर्वीं त्यांतील कित्येकांचा संबंध त्याच्या पायांशीं होता.

‘बिविल्डर’ हा शब्द पाहावा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो इंग्रजींत रूढ झाला. त्याच्या पोटांत ‘विल्डर’ हें जुनें क्रियापद आहे, आणि त्याचें नातें ‘विल्डरनेस’ म्हणजे निर्जन अरण्य या शब्दाशीं लावतात. विल्डरनेसची घडण तर अधिकच बोलकी आहे : वन्य श्वापदांचें ठिकाण. आज ‘डिअर’ म्हणजे हरिण. परंतु प्राचीन इंग्रजींत त्याच शब्दाचा अर्थ कोणतेंहि जनावर असा होता, आणि तें जनावर विल्डरनेसच्या मधल्या अक्षरांत अद्यापि दडून बसलें आहे. तेव्हां बिविल्डर्ड मनुष्य म्हणजे मुळांत वाट नसलेल्या रानांत सांपडलेला प्रवासी. ज्याला चकवा ही कल्पना लहानपणापासून परिचित आहे, त्या मराठी माणसाला या शब्दांतील भय निराळें समजावून देण्याचें कारण नाहीं. पुढें रान गळून पडलें, प्रवासी घरांत येऊन बसला, आणि खुर्चीवर बसल्या जागीं बिविल्डर्ड होऊं लागला.

‘मेझ’ या शब्दाचा प्रवास मात्र नेमका उलटा. आज मेझ म्हणजे भूलभुलैया, वळणावळणांची चक्रव्यूहासारखी वाट. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकांत या शब्दाचा अर्थ भ्रम, मनाची भूल असा होता. ती भूल पाडणारी वाट या अर्थीं तो नंतर वापरांत आला. ‘अमेझ’ हें त्याच घराण्यांतील. त्याचा आजचा अर्थ आनंदाश्चर्य. मूळचा अर्थ मात्र शुद्ध हरपविणें. हल्लीं साध्या चहालाहि ‘अमेझिंग’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्यावरून शब्द किती झिजूं शकतो हें दिसून येईल.

‘कन्फ्यूज’ व ‘परप्लेक्स’ हे दोघे लॅटिनमधून आलेले. पहिल्यांत निरनिराळे द्रव एकत्र ओतल्याची, दुसऱ्यांत धाग्यांची गुंतागुंत झाल्याची कल्पना आहे. ‘नॉनप्लस’ म्हणजे ‘याउपर नाहीं’. वादांत ज्याला पुढें बोलावयास कांहीं उरत नाहीं तो. ‘अॅट ए लॉस’ ही शिकारी कुत्र्यांची भाषा आहे. मागाचा वास हरवला कीं कुत्रीं थबकतात, ती ही स्थिति. ‘टेकन अबॅक’ खलाशांचें. वारा अकस्मात् समोरून येऊन शिडें डोलकाठीवर उलटीं दाबलीं गेलीं, म्हणजे जहाज जागींच अडतें. या सर्वांहून ‘डिलिरियम’ या शब्दाचें मूळ शेतकऱ्याला अधिक जवळचें वाटेल. लॅटिन भाषेंत ‘लीरा’ म्हणजे नांगराचें तास. नांगर तास सोडून भलतीकडे गेला, म्हणजे झालें डिलिरियम. रोमन शेतकऱ्याची ही उपमा आज जगांतील प्रत्येक रुग्णालयांत वावरते.

आतां ‘डिसओरिएंटेड’. संस्कृतांतून मराठींत आलेला ‘दिङ्मूढ’ हा शब्द आणि हा शब्द, दोघांनीं परस्परांची ओळख नसतां एकच कल्पना उचलली आहे. ‘ओरिएंट’ म्हणजे उगवती दिशा. ख्रिस्ती देवालयें पूर्वाभिमुख बांधण्याची रीत होती. त्यावरून इमारतीला दिशा देणें तें ओरिएंट करणें, आणि ज्याची पूर्व हरवली तो डिसओरिएंटेड. या कल्पनेचा विचारशास्त्राकडे विस्तार केला तो जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें. विचार करतांना दिशा ठरविणें म्हणजे काय, या विषयावर १७८६ सालीं त्यानें एक निबंध लिहिला, आणि त्यांत अंधाऱ्या खोलीचें उदाहरण घेतलें. खोली ओळखीची असेल, तर हाताला एखादी वस्तु लागली तरी मनुष्य बाकीच्या वस्तूंचा ठाव लावतो. कारण उजवें-डावें यांचा भेद त्याला आंतून जाणवत असतो. कोणी थट्टेनें सारें सामान डाव्याचें उजवीकडे केलें, तरी तोच भेद त्याला पुन्हां सांवरतो.

हा शब्द ‘डिसओरिएंटेड’ असावा कीं ‘डिसओरिएंटेटेड’, याविषयीं इंग्रजी लिहिणारांत बराच तंटा चालतो. दुसरें रूप ब्रिटनमध्यें अधिक आढळतें, पहिलें अमेरिकेंत. आणि ब्रिटिश लोक आंखूड रूपाला परकें समजतात. गंमत अशी कीं, दोहोंत आंखूड रूपच जुनें आहे. दोन्हीं बरोबर आहेत, एवढें सांगून हा तंटा सोडून देणें बरें. खरा विवेक करावयाचा तो निराळ्या ठिकाणीं. डॉक्टर रोग्याला आजचा वार विचारतात, आपण कोठें आहोंत तें विचारतात, त्याचें नांव विचारतात. काळ, स्थळ आणि व्यक्ति यांचें भान सुटलें असेल, तरच तो डिसओरिएंटेड. जो मनुष्य सर्व जाणतो, परंतु औषधांच्या वेळा ऐकून गोंधळतो, त्याच्या कागदावर हा शब्द लिहिणें म्हणजे त्याला न झालेला विकार त्याच्या माथीं मारणें होय.

बाजारी शब्दांचा भरणाहि या कुळांत मोठा आहे. ‘बॅंबूझल’ या शब्दाविरुद्ध जोनाथन स्विफ्टनें १७१० सालीं ‘टॅटलर’ पत्रांत तक्रार केली. तो शब्द स्विफ्टच्या नाकावर टिच्चून टिकला. ‘फ्लॅबरगॅस्ट’ हा १७७२ च्या सुमारास नवी टूम म्हणून नोंदला गेला. ‘डिसकॉम्बोब्युलेट’ हा अमेरिकनांनीं एकोणिसाव्या शतकांत लॅटिनची नक्कल करून थट्टेनें बनविलेला. असो.

परंतु अशा एका शब्दानें माणसांच्या जीवितावर परिणाम केला, तो शब्द ‘शेल-शॉक’. फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची दृष्टि, गंध, रुचि व स्मृति यांत बिघाड झाला होता. शब्दाचा अर्थ त्याच्या बनावटींतच होता : गोळ्याचा धक्का. लवकरच असें आढळून आलें कीं, जे सैनिक कोणत्याहि स्फोटाच्या जवळ नव्हते, त्यांचीहि तीच दशा होत होती. तेव्हां ब्रिटिश लष्करानें शब्दाचे दोन भाग केले. शत्रूच्या गोळ्यामुळें झालेला शेल-शॉक ‘वून्डेड’ म्हणजे जखमी या सदरांत. बाकीचा ‘सिक’ म्हणजे आजारी या सदरांत. पहिल्याला जखमीचा मान, गणवेषावर जखमेची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क. दुसऱ्याला यांतील कांहीं नाहीं. एका अक्षराचा हा फरक. पुढें १९१७ सालीं हा शब्द आघाडीवरील कागदपत्रांत लिहूं नये असा हुकूम निघाला, आणि त्याऐवजीं ‘अद्यापि निदान न झालेला, मज्जाविषयक’ अशा अर्थाचीं चार अक्षरें लिहिलीं जाऊं लागलीं. मायर्सलाहि तोंवर हा शब्द नकोसा झाला होता. १९२२ च्या सरकारी चौकशी समितीनें तो शब्दच काढून टाकावा अशी शिफारस केली.

हॅरी फार हा वेस्ट यॉर्कशायर पलटणींतील शिपाई. १९१५ सालीं शेल-शॉकसाठीं तो सुमारें पांच महिने रुग्णालयांत होता. हात इतके थरथरत कीं, पत्नीला पाठवावयाचीं पत्रें त्याच्यासाठीं एका परिचारिकेला लिहावीं लागत. तेथून त्याला पुन्हां रणांगणावर धाडण्यांत आलें. सप्टेंबर १९१६ मध्यें, सोमच्या लढाईच्या वेळीं, पुढें जाणें आपल्याला सोसणार नाहीं असें त्यानें सांगितलें. लष्करी न्यायासनापुढें त्याची बाजू मांडण्यास कोणी नव्हतें. त्याच्या कृत्याला जो शब्द लावण्यांत आला, तो ‘कॉवर्डिस’, म्हणजे भ्याडपणा. ऑक्टोबर १९१६ मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच्या कुटुंबियांनीं अनेक वर्षें नेटानें लढा दिला, आणि अखेर २००६ सालच्या कायद्यानें फार व त्याच्यासारखे मिळून ३०६ सैनिकांना क्षमा करण्यांत आली. त्याच कायद्यांत असेंहि नमूद आहे कीं, या क्षमेमुळें मूळच्या दोषनिर्णयाला किंवा शिक्षेला बाध येत नाहीं.